अंदमानला कधी जावं?

नौपाड्यातल्या आमच्या इमारतीखाली टॅक्सी येऊन उभी राहिली, तेव्हा अंदमानला जायचं ठरवून आम्हाला सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं! तेवढ्यात लोक घर बांधून राहायलाही जातात.

दिरंगाईचं कारण ह्यांच्या, म्हणजे माझ्या यजमानांच्या, शर्टाच्या खिशात घडी करून ठेवलेलं होतं. हे एका कारखान्यात नियोजन विभागात होते. निवृत्त झाल्यावर नियोजन करायला घरात मी एकटीच उरले. चोपन्नाव्या वर्षी मी महापालिकेच्या तरणतलावावर बायकांच्या दुपारच्या बॅचला पोहायला शिकले आणि एक दिवस ओल्या केसांनी घरी येऊन म्हणाले, "अहो, मला समुद्रात डोकं घालून प्रवाळ बघायचंय. अंदमानला जाऊ या." त्याच संध्याकाळी ह्यांनी फूलस्केप कागदावर बारा महिन्यांचा तक्ता आखला आणि वर लिहिलं, 'उत्तम हंगाम'.

जून ते सप्टेंबर पावसामुळे बाद. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळं, शिवाय दिवाळी. डिसेंबरात लग्नं. कुणाची, म्हटलं, तर "असतातच कुणाची तरी." जानेवारीत गर्दी. मार्चात परीक्षा. आमचा मुलगा तिशीतला आणि बाळकुमला राहणारी त्याची लेक तेव्हा नुकती बालवाडीत जायला लागलेली. एप्रिल-मेवर तर ह्यांनी विचारसुद्धा न करता लाल फुली मारली. "उकाडा. त्यात तुझी वाळवणं." सोसायटीने गच्चीला कुलूप घातल्यापासून मी एक पापड वाळवलेला नाही, हे ह्यांच्या गावीही नव्हतं.

राहिला फेब्रुवारी. पण दर फेब्रुवारीला काहीतरी निघायचं. एकदा ह्यांची दाढ, एकदा घराचा रंग. मध्ये दोन वर्षं तर सगळं जगच घरात बसलं होतं. यंदा मुलाने वैतागून आमची तिकिटं काढली आणि हातात ठेवली. "बाबा, फेब्रुवारीच आहे. आता निघा!"

चेन्नईला विमान बदलून दुपारी आम्ही बेटांच्या माथ्यावर आलो. खाली गर्द हिरवे ठिपके दिसायला लागले, प्रत्येकाला फिक्या निळ्या पाण्याची किनार. इतका निळा रंग मी फक्त साड्यांच्या दुकानात पाहिला होता. मी खिडकीला नाक लावून बसले. शेजारून हे म्हणाले, "बघ, ढग नाहीत. तक्ता बरोबर आहे." मी खुशीत होते, म्हणून तक्त्यालाही हसून मान डोलावली.

खुशी दुसऱ्या दिवशी सकाळी जेटीवर (बोटीच्या धक्क्यावर) उतरली. प्रवाळ बघायला जिथे नेतात, त्या धाकट्या बेटावर आम्हाला जायचं होतं आणि रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. माझ्या पुढे फुलाफुलांची टोपी घातलेली एक बाई होती. आमचं मराठी ऐकून ती गर्रकन वळली.

"ठाण्याचे का? आम्ही डोंबिवली ईस्ट! मागे ते आठ जण उभे आहेत ना, ते कल्याणचे. काल विमानातच ओळख झालेली."

"एवढे सगळे आत्ताच कसे आले?" मी विचारलं.

"अहो, फेब्रुवारी बेस्ट सीझन ना! आमच्या मिस्टरांनी सगळा स्टडी केलेला. अरे, चकलीचा डबा आण रे इकडे!"

तिच्या मिस्टरांनी खिशातून कागद काढला. आमच्या ह्यांनीही काढला. दोघे वाऱ्याच्या वेगावर बोलायला लागले. मी चकली खात उभी राहिले. समुद्र ओलांडून मी डोंबिवलीला पोचले होते.

धाकट्या बेटावर पोचेपर्यंत बोट चांगलीच हलली. किनाऱ्याला वारा सुटला होता आणि नारळ एका बाजूला कलले होते. हे म्हणाले, "अपवादात्मक वारा आहे." मी सरळ प्रवाळ दाखवणाऱ्यांच्या तंबूकडे गेले. पाण्याखाली नेणारे ते लोक. तिथे एक तरुण वही घेऊन बसला होता. त्याने माझं आधार कार्ड पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि परत दिलं.

"सॉरी मॅडम, साठ के ऊपर अलाऊड नहीं है."

"मैं साठ की ही हूँ."

"साठ पूरा हो गया ना. जनवरी में."

माझा वाढदिवस होऊन तीन आठवडे झाले होते. शिऱ्यात बेदाणे कमी पडले म्हणून मी त्या दिवशी हळहळले होते, तेवढीच हळहळ.

"हा नियम आधी लिहायला नको?" हे तावातावाने म्हणाले. नियम त्यांच्या डोक्यावरच्या फळ्यावर टपोऱ्या अक्षरांत लिहिलेला होता. मी ह्यांच्या खिशातून तक्ता ओढून काढला आणि तिथेच वाळूत उलगडला. पाऊस होता, वारा होता, गर्दी होती, सणवार होते.

"ह्यात माझं वय कुठे आहे?"

हे तक्त्यावरची वाळू झटकायला लागले. मला इतका संताप आला की रडूही येईना. मी तरातरा चालत सुटले आणि पहिल्या दिसलेल्या झोपडीवजा खाणावळीत जाऊन बसले. काही वेळाने हेही येऊन समोर बसले.

खाणावळ चालवणारी बाई बंगाली होती. चाळिशीची असेल. तिने न विचारता भात आणि मोहरी वाटून केलेलं माशाचं कालवण आणून ठेवलं. पहिल्याच घासाला नाकात झणका गेला आणि डोळ्यांतून पाणी आलं. त्या आडोशाला मी थोडी रडूनही घेतली. बाईच्या ते लक्षात आलं असावं. काय झालं, म्हणून तिने विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली,

"दीदी, आपको तैरना आता है?"

मी खाता खाता थांबले. सहा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तंबूतल्या माणसाने जन्मतारीख विचारली, ह्यांनी वाऱ्याचा वेग विचारला.

"आता है," मी म्हटलं. "अच्छा आता है."

"तो फिर क्या बात है! मेरा आदमी का डुंगी है." डुंगी म्हणजे लहान मोटारहोडी. "धीरे से ले जायेगा, हम भी साथ बैठेगा. लेकिन अभी हवा है, छोटा नाव सब बंद. अप्रैल में आओ. अप्रैल में समुंदर एकदम काँच. आदमी भी कोई नहीं."

"लेकिन अप्रैल में गरमी..." हे पुटपुटले.

तिने ह्यांच्याकडे नवलाने पाहिलं. "पानी के अंदर गरमी कैसे लगेगा, दादा?"

ह्यांनी मान खाली घालून भात कालवायला घेतला.

वारा काही पडला नाही. निघायच्या आदल्या दुपारी मी तलावावरचा पोहायचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि किनाऱ्यालगतच कमरेएवढ्या पाण्यात डोकं घातलं. सगळं दुधट होतं. वाळू भिरभिरत होती. माझ्या पायाची बोटं दिसली, आणि एक बोटाएवढा मासा, तोही घाईत. वर आले तर हे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे. ह्यांना पाण्याची भीती वाटते; तलावावर मला सोडायला आले तरी फाटकाबाहेर थांबायचे. एका हातात माझा टॉवेल, दुसऱ्या हातात माझ्या चपला.

"अगं, दिसलं का काही?"

"दिसला. तुमचा फेब्रुवारी दिसला."

ठाण्याला परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले, तर हे टेबलावर तक्ता पसरून बसले होते. खाली पट्टीने एक नवी ओळ आखली होती आणि तिच्यासमोर लिहिलं होतं, 'हिचं वय'. फेब्रुवारीपासून प्रत्येक महिन्याखाली साठ, साठ, साठ. डिसेंबर संपला तशी त्यांनी कडेला जानेवारीचं आणखी एक घर काढलं आणि त्यात एकसष्ट लिहिलं. मग पेन तसंच धरून बसले.

"हे कमी होतच नाही गं," ते म्हणाले.

मला त्यांची दया आली आणि रागही आला, आणि ह्या वयात दोन्ही एकदम येतात. बेटावर फेब्रुवारी दरवर्षी येणार, वारा सुटणार आणि पडणारही. माझं चोपन्नावं वर्ष मात्र त्या शर्टाच्या खिशात घडी होऊन गेलं. तेव्हा गेले असते तर वही घेऊन बसलेल्या त्या माणसाने मला हात धरून पाण्यात नेलं असतं.

"मग एप्रिलचं बघू या का?" ह्यांनी विचारलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती लाल फुली पांढऱ्या शाईने खोडायला घेतली.

"काढलंय तिकीट. परत येताना चेन्नईच्या विमानतळावरच, मोबाईलवरून."

"दोघांचं?"

"माझं," मी म्हटलं आणि चहाचा कप त्यांच्या तक्त्यावर ठेवला. "तुमचा महिना ठरला, की तुमचं काढा."