छप्पर उचलून बघायचं असतं

कागदाचं गाव म्हटलं की लोकांच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू येतं. लहान मुलाने शाळेतून आणलेलं चित्र बघताना येतं ना, तेच. मला त्या हसण्याचा मनापासून राग आहे. तो का आहे, हे एकदा सांगून मोकळी होते.

मी अंबडला एका कारखान्यात पत्र्याच्या वस्तूंची ड्रॉइंग काढते. दुमडल्यावर जो पत्र्याचा डबा होणार आहे तो आधी सपाट पत्र्यावर कसा दिसेल, घडीसाठी कुठे किती जागा सोडायची, हे ठरवणं माझं काम. त्याचा मला पगार मिळतो आणि त्याला कोणी हसत नाही. तेच काम मी रविवारी जाड कागदावर केलं की लगेच पोरखेळ होतो. चाळिशी उलटली तरी भातुकली सुटली नाही, असं माझ्या सख्ख्या मावशीने माझ्यासमोर म्हटलेलं आहे, तेही माझ्याच हातचा चहा पीत.

आम्ही चौघं मित्रमैत्रिणी दर रविवारी माझ्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर एक खेळ खेळतो. राक्षस, जादूगार, तलवारी, फासे. एकाने गोष्ट पुढे न्यायची, बाकीच्यांनी आपापलं पात्र चालवायचं. पात्रं म्हणजे अंगठ्याएवढ्या बाहुल्या. त्यांना लपायला, भांडायला, मुक्कामाला गाव लागतं. तयार प्लास्टिकचं गाव बाहेरच्या देशातून मागवणं आपल्या आवाक्यातलं नाही. म्हणून इंटरनेटवरून घरांचे नकाशे घ्यायचे, जाड कागदावर छापायचे, कापायचे, दुमडायचे आणि चिकटवायचे.

ऐकायला सोपं वाटतं, आणि तिथेच सगळी गडबड होते. छपाईच्या दुकानदाराला मी दर वेळी बजावते की माप शंभर टक्के ठेवा, पानात बसवायला जाऊ नका. एकदा त्याने भिंती लहान करून पानात बसवल्या आणि जमीन मूळ मापाची छापली. घर जमिनीवर उभं केलं तर चारही बाजूंनी फट. परत गेले तर म्हणाला, कागदच तर आहे, जरा ओढून चिकटवा. आमच्या कारखान्यात कोणी पत्रा जरा ओढून चिकटवला असता तर दुसऱ्या दिवशी गेटबाहेर दिसला असता.

या घरांची एक गंमत आहे. त्यांचं छप्पर चिकटवायचं नसतं. ते झाकणासारखं वर ठेवायचं असतं. खेळताना आपलं पात्र दारातून आत गेलं की छप्पर उचलायचं आणि आतल्या खोल्या, खाटा, जिने सगळं दिसायला लागतं. छप्पर उचललं नाही तर ते घर नाही, नुसता खोका आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझे वडील एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात चौतीस वर्षं फिटर होते. त्यांच्या हाताला एक सवय होती. कुठलीही वस्तू घेतली की आधी अंगठ्याने तिची कड तपासायची, मग बोलायचं. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. पाय हळूहळू सुधारला, वॉकर धरून चालायला लागले. बोलणं तुटक झालं. हात मात्र आखडूनच राहिला. बँकेत सही जुळेना, तेव्हा पेन्शनच्या कागदावर अंगठा द्यायची वेळ आली. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी शाई कितीतरी वेळ साबणाने धुतली. त्यानंतर ते लोकांत जायचेच बंद झाले. पाहुणे आले की उजवा हात शालीखाली जायचा, मग मे महिना का असेना.

व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी वाटीभर राजमा देऊन एकेक दाणा चिमटीत धरून दुसऱ्या वाटीत टाकायला सांगितलं. वडिलांनी दोन दिवस केलं आणि तिसऱ्या दिवशी वाटी सरकवून दिली. फिटर माणसाला राजमा निवडायला लावता, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

मग एका रविवारी ते माझ्या टेबलापाशी येऊन बसले. मी घाईत एक भिंत दुमडत होते. दुमडायच्या रेषेवर आधी रिकाम्या बॉलपेनने दाबून रेघ ओढावी लागते, तेव्हा घडीला धार येते. मी ती ओढली नव्हती. वडिलांनी माझ्या हातातून कागद काढून घेतला, कड अंगठ्याने तपासली आणि म्हणाले, "रेघ नाही." एवढंच. मग डाव्या हाताने पट्टी धरली आणि उजव्या मुठीत पेन अडकवून स्वतः रेघ ओढली. वाकडी आली. त्यांनी दुसरा कागद मागितला.

सराई त्यांनी एकट्याने केली. आमच्या गोष्टीतले सगळे वाटसरू जिथे मुक्काम करतात ती दुमजली सराई. सात महिने लागले. तिच्या तेरा खिडक्यांची चौकट न् चौकट आरपार कापलेली आहे. आत काय ठेवायचं ते नकाशात नव्हतं, ते त्यांनी मनाने केलं. चार टेबलं, एक चूल, लाकडाची मोळी आणि बारा स्टुलं. एकेक स्टूल तीन पायांचं, नखाएवढं. पहिली तीन आम्हाला फेकावी लागली. बारावं स्टूल मी पट्टीवर ठेवून पाहिलं, तर तिन्ही पाय एका उंचीचे होते. रविवारच्या माझ्या मित्रांनी पहिल्यांदा छप्पर उचललं तेव्हा ते नुसते वाकून बघत राहिले. वडिलांचा उजवा हात त्या वेळी शालीबाहेर होता.

गणपतीच्या आधी सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले. या वर्षी पर्यावरणपूरक सजावटीची स्पर्धा होती आणि त्यांना आमचं कागदाचं गाव देखाव्यासाठी हवं होतं. मी नाही म्हणणार होते. आतून वडील म्हणाले, "दे." मग थांबून, शब्द जुळवत म्हणाले, "मी येईन. छप्पर उचलून दाखवीन." दोन वर्षांत हा माणूस सोसायटीच्या हॉलमध्ये उतरला नव्हता. मी त्याच क्षणी सगळं गाव खोक्यांत भरलं.

देताना सेक्रेटरींना मी दोन गोष्टी सांगितल्या. छपरं सुटी आहेत, तशीच राहू द्या. आणि सराई बाबांनी केली आहे, पाटीवर तसं लिहा. त्यांनी दोन्हीला मान हलवली. कानाला फोन होता, तेव्हा ती मान नेमकी कोणासाठी हलली हे मला अजून माहीत नाही.

पहिले दोन दिवस मला कारखान्यातून यायला उशीर झाला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला मी वडिलांना खाली घेऊन गेले. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. लिफ्टच्या आरशात त्यांनी डाव्या हाताने केस नीट केले. शाल घरी ठेवली होती.

आरती झाली आणि आम्ही देखाव्यापाशी गेलो. आधी मला आमचं गाव ओळखूच येईना. सराईवर 'ग्रामपंचायत कार्यालय' अशी पट्टी डकवली होती, बरोबर वरच्या मजल्याच्या खिडक्यांवर. जादूगाराच्या बुरुजावर 'पाण्याची टाकी, पाणी जपून वापरा'. निमुळत्या टोकाच्या देवळावर 'प्राथमिक आरोग्य केंद्र'. आणि सगळ्यांपुढे मोठी छापील पाटी: 'सोसायटीच्या बालगोपाळांनी साकारलेले आदर्श गाव'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वडिलांनी पाटी वाचली की नाही, मला कळलं नाही. त्यांचं लक्ष सराईकडे होतं. वॉकर सोडून त्यांनी उजवा हात पुढे केला, हळूहळू बोटं उघडली आणि छपराची कड धरली. छप्पर उठेना. त्यांनी पुन्हा जोर लावला, तशी अख्खी सराई खालच्या पुठ्ठ्यासकट हलली. शेजारचं कुंपण पडलं.

बाजूला देखाव्याची राखण करायला बी विंगमधल्या एक बाई बसल्या होत्या. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "आजोबा, हात नका लावू हं. मुलांनी मेहनतीने केलंय."

वडिलांनी हात मागे घेतला आणि पाठीशी लपवला.

मी सेक्रेटरींना शोधून आणलं. देवापुढे आवाज चढवायचा नाही असं मला शिकवलेलं आहे. ते त्या दिवशी मी पाळलं नाही. छपरं कोणी चिकटवली, विचारलं. ते म्हणाले, पंख्याने उडत होती, म्हणून मीच रात्री बसून डिंक लावला. "तुमची राहून गेली होती ना चिकटवायची, ताई. मोजून नऊच्या नऊ पक्की केली." हे ते कौतुकाच्या अपेक्षेने सांगत होते. पंखा दोन हात सरकवायचं यांच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. आणि पाटीचं विचारलं तर म्हणाले, मुलांनी केलंय म्हटलं की परीक्षक थांबून बघतात, मोठ्यांनी केलं म्हटलं तर कोण बघतो? केलं कोणी, मिरवतंय कोण, आणि वर मलाच शहाणपण. मला जे जे बोलायचं होतं त्यातलं निम्मं बोलून झालं असेल, तेवढ्यात मागून वडिलांचा आवाज आला.

"कटर."

मी वर जाऊन त्यांचा कटर आणला. तोवर कोणीतरी त्यांना खुर्ची दिली होती. त्यांनी सराई मांडीवर घेतली, छपराखालची कड अंगठ्याने तपासली आणि डिंक कुठे कुठे आहे ते बघून कापायला लागले. उजव्या हातानेच. मी धरायला पुढे झाले, तर त्यांनी कोपराने मला बाजूला केलं. शिरा वाटायला सुरुवात झाली होती. लोक द्रोण घेऊन येत होते आणि तिथेच उभे राहत होते. पंखा सेक्रेटरींनी बंद केला. एवढं एक शहाणपण त्यांना सुचलं, ते मी नोंदवून ठेवते. एका कोपऱ्यात छपराचा तुकडा फाटला. चौथ्या बाजूला मात्र कटर सरळ गेला.

वडिलांनी छप्पर उचललं. ओघळलेल्या डिंकात दोन स्टुलं आडवी होऊन चिकटली होती. बाकी दहा उभी होती. बी विंगमधल्या त्या बाई वाकल्या आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "ही एवढीशी स्टुलं कोणी केली?"

"मी," वडील म्हणाले.

सेक्रेटरी जरा ओशाळले. म्हणाले, आपण पाटीवर खाली भर घालू, 'मार्गदर्शन: आजोबा'. मी तोंड उघडणार होते, पण वडिलांनी पाटीकडे बोट केलं आणि मार्कर मागितला. पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी 'बालगोपाळांनी' या शब्दावर एक रेघ ओढली आणि वर आपलं नाव लिहायला घेतलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. खाली 'फिटर'. अक्षरं लहानमोठी आली, ओळ उजवीकडे उतरत गेली आणि आडनावातलं शेवटचं अक्षर काठावर दाटीने बसलं. पण अंगठा नव्हता, नाव होतं.

सेक्रेटरींनी पाटी दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाले, "काका, उद्या मी याची नीट प्रिंट काढून लावतो."

"हात तर लावून बघा," मी म्हटलं.