उषाबाईचा अंगठा

उषाबाई कंजूस आहे, हे सुरतेच्या लिंबायतमधलं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं. एकटी विधवा बाई. नवरा रामदास जाऊन सात वर्षं झालेली, मागे पोरबाळ नाही. दिवसभर दारात बसून साड्यांचे लोंबते धागे कापायची, साडीमागे जे काय सुटे पैसे मिळतील त्यात भागवायची. किराणावाल्याकडे खातं नाही, दूधवाल्याकडे उधारी नाही. साखरेला पैसे नसले तर चार दिवस बिनसाखरेचा चहा, आणि तोही मिटक्या मारत! कुणाकडे वाटीभर पीठ मागायची नाही, कुणी मागायला आलं तर द्यायचीही नाही. "मी लेत नही, देत नही," असं आपल्या अहिराणीत तोंडावर सांगून मोकळी. बायका नावं ठेवायच्या. ठेवणारच की, गल्लीत राहायचं आणि वाटीसुद्धा फिरवायची नाही म्हणजे काय!

शेजारच्या खोलीतली जयश्री तर तिची नक्कल करून दाखवायची. जयश्रीचा नवरा हेमराज लूमच्या कारखान्यात. त्या साली अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, जयश्रीने हट्ट धरला की गल्लीत सगळ्यांकडे टीव्ही आला, आपल्याकडेच नाही. हेमराजने कारखान्यातून तीन हजार रुपये उचल घेतली. गुजराती मालक त्याला उपाड म्हणतात, आपली माणसं उचल म्हणतात; पगारातून कापून घ्यायची आणि फिटेपर्यंत तो कारखाना सोडायचा नाही. टीव्ही आला तेव्हा सगळी गल्ली बघायला जमली. उषाबाईनेही डोकावून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "हेमराजले कितला दिन बांधी ठेवं वं तू?" जयश्रीला तेव्हा नुसतं हसू आलं होतं.

गणपती विसर्जन होऊन चारच दिवस झाले आणि सुरतेत प्लेगची बातमी फुटली. चौऱ्याण्णव सालचा तो सप्टेंबर ज्यांनी पाहिला त्यांना तो आजही विसरता येत नाही. कोणी म्हणे शंभर मेले, कोणी म्हणे हजार. खरं काय ते देवाला ठाऊक, पण भीती मात्र खरी होती. औषधाच्या दुकानात गोळ्या संपल्या. ज्याला त्याला तोंडाला रुमाल. कोणी खोकला की लोक चार हात लांब सरायचे. माणसं डोक्यावर बोचकी घेऊन उधना स्टेशनकडे पळत सुटली, नंदुरबार, अमळनेर, भुसावळ, ज्याला जिथे ठाव होता तिथे. दोन दिवसांत गल्लीतल्या एकवीस खोल्यांपैकी सतरा खोल्यांना कुलपं लागली.

जयश्री मात्र जागची हलू शकत नव्हती. हेमराज कारखान्यात अडकला होता, आणि अडकला म्हणजे खरोखर अडकला. दिवाळीच्या मालाची ऑर्डर होती, कारागीर पळाले तर लूम बंद पडणार. म्हणून मेहताजीने, म्हणजे हिशेब ठेवणाऱ्या माणसाने, आतल्या माणसांची वही काढली. ज्यांच्या नावावर उपाड नव्हता त्यांना सोडलं. बाकीच्यांना आत ठेवून फाटकाला कुलूप ठोकलं. तिथेच जेवा, तिथेच झोपा. हेमराजला सांगितलं, उरलेले बावीसशे टाका नाहीतर जामीन आणा आणि खुशाल जा.

जयश्री फाटकाबाहेर उभी राहून रडली, भांडली, पाया पडली. आतून हेमराज म्हणाला, "तू वर्षाला घेऊन निघ." दीड वर्षाची वर्षा तिच्या खांद्यावर झोपलेली. नवऱ्याला कुलपात टाकून कुठल्या तोंडाने निघायचं? ती घरी परतली, वर्षाला खाली ठेवलं आणि तिच्या अंगाला हात लावला. अंग तापलं होतं.

साधाच ताप असेल, दात येत असतील. पण दवाखान्यात न्यावं तर तिथे गेलेलं माणूस परत येत नाही, अशी बोलवा होती. तिने दार लावून घेतलं, पोरीचं तोंड पदराखाली धरलं. ती खोकली तर? कुणी ऐकलं तर? समोरच्या टीव्हीकडे बघून तिला वाटलं, हा उचलून गटारात फेकावा. हे सगळं माझ्या हौसेनं झालं, माझ्या हौसेनं.

बाहेर कडी वाजली. उषाबाई आपल्या खोलीला कुलूप लावत होती. हातात गाठोडं. अमळनेरला बहिणीकडे निघाली होती ती, तिला कोण अडवणार? जयश्री वर्षाला तशीच उचलून धावत गेली आणि तिने उषाबाईचे पाय धरले.

"मावशी, बावीसशे रुपये द्या. आयुष्यभर फेडीन. हेमराज मरेल हो आत!"

"मनाकडे तितला नही शेत," उषाबाई म्हणाली. "आन राहतात तरी देती नही मी. मी उसनं देत नही."

"माणूस आहात की दगड!" जयश्री किंचाळली.

गल्लीतल्या एकालाही ठाऊक नसलेली गोष्ट आता सांगायला हवी. उषाबाई दहा वर्षांची असताना थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी बापाने सावकाराकडून पैसे घेतले आणि फिटेपर्यंत धाकटीला त्याच्या घरी भांडी घासायला ठेवलं. दोन वर्षं. मधे आई आजारी पडली. निरोप आला, पोरीला एकदा दाखवा. सावकारीण म्हणाली, हिशेब पुरा झाला की जा. आई गेली तेव्हा उषा त्यांच्या अंगणात परात घासत होती. तेव्हापासून तिला उधारीचं भय बसलं ते बसलंच. लोक तिला कंजूस म्हणायचे. बिचारी नुसती घाबरलेली होती, चाळीस वर्षं.

तिने वर्षाच्या कपाळाला हात लावला. मग गाठोडं जयश्रीच्या दारात टाकलं आणि म्हणाली, "चाल."

फाटकाशी मेहताजी नाकाला रुमाल बांधून बसला होता. उषाबाई म्हणाली, "हेमराजनी जामीन मी."

मेहताजीने तिला ओळखलं. धाग्याच्या कामामुळे सगळे कारखानेवाले तिला ओळखत. त्याने वही चाळली नाही की काही नाही. "मासी, तुमचं नाव आख्ख्या लिंबायतमध्ये कुणाच्या वहीत नाही," तो म्हणाला. "तुमचा अंगठा चालेल. पण ऐका, तो परत येईपर्यंत सुरत सोडायची नाही. रोज सकाळी इथे येऊन तोंड दाखवायचं. तो आलाच नाही, तर पैसे तुम्ही काम करून फेडायचे."

उषाबाईने शाईच्या डबीत अंगठा बुडवला. पहिला ठसा फिसकटला. मेहताजीने दुसरा घेतला.

त्याच दुपारी जयश्री, हेमराज आणि वर्षा उधन्याहून गाडीत चढले. गाडीच्या दारात, टपावर, जिथे हात टेकेल तिथे माणसं लटकली होती. वर्षाचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला, दातच येत होते. पण हेमराजच्या गावाने त्यांना आत घेतलं नाही. सुरतेची माणसं म्हणून दहा दिवस गावाबाहेरच्या खळ्यात ठेवलं, लांबूनच भाकरी टाकली. जयश्रीला त्याचं काही वाटलं नाही. तिला एकच धास्ती होती. रिकाम्या गल्लीत बंद दारांमधून रोज सकाळी फाटकाशी जाणारी ती बाई तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. जिवंत असेल ना?

आणि हेमराज! अहो, सुटलेला माणूस पुन्हा कुलपात जाईल का? त्याला गावात कापसाच्या जिनिंगवर काम मिळालं. म्हणाला, "कोण जातो तिकडं मरायला? बघू दिवाळीनंतर."

हा न जाण्याचा विचार करतोय, हे जयश्रीला स्वच्छ दिसलं. "टीव्ही विकून टाकू," ती म्हणाली, "भांडी विकू, मी पण धागे कापीन. पण तू आला नाहीस तर मी वर्षाला घेऊन जाईन आणि मेहताजीला सांगेन, उषाबाईला सोडा, मला ठेवा." ती भांडत नव्हती. शांतपणे म्हणाली, म्हणून हेमराज जास्त घाबरला.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी ते सुरतेत उतरले. गल्ली पुन्हा भरू लागली होती. उषाबाई दारात बसली होती, गाल आत गेलेले, डोळे खोल. हातात साडी नव्हती, कामच आलं नव्हतं. अठरा दिवस ती कशावर जगली ते तिने कधी सांगितलं नाही. जयश्री तिच्या गळ्यात पडायला गेली, तर तिने दोन्ही हातांनी तिला मागे लोटलं.

"आधी मनं नाव खोडी ये."

हेमराज तसाच बॅग खांद्यावर घेऊन कारखान्यात गेला. जयश्रीही गेली. मेहताजीने तिच्या समोर उषाबाईच्या नावावर रेघ ओढली. परत येऊन जयश्रीने सांगितलं, "खोडलं, मावशी."

"तू देखं? सोताना डोयाघाई?"

"माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आडवी रेघ मारली."

उषाबाई उठली. पायात चपला घातल्या, खोलीला कुलूप लावलं आणि चालू लागली. जयश्रीला वाटलं, रागावली का ही? कायमची निघाली का? "मावशी, कुठं चाललात?"

"कोठेच नही. ठेसनलगून जाई येस."

जयश्री वर्षाला कडेवर घेऊन मागोमाग गेली. उधन्याला उषाबाईने रोख पैसे मोजून प्लॅटफॉर्म तिकीट काढलं आणि बाकावर बसली. भुसावळकडे जाणारी गाडी लागलेली होती, डबे रिकामेच. सुरतेत माणसं परत येत होती, सुरतेहून कोण जाणार? उषाबाई उठली, उघड्या डब्यात चढली, दारात उभी राहिली. कुणी अडवलं नाही. शिट्टी झाली तशी ती खाली उतरली, आणि गाडी गेली.

"चाल घर," ती म्हणाली.

अठरा दिवस हिला एवढंही करायची मुभा नव्हती, हे जयश्रीला तेव्हा कळलं. ती प्लॅटफॉर्मवरच मटकन बसली आणि हमसून हमसून रडली.