आत्याच्या टेबलापर्यंतची वायर

आत्याने शिवलेला कोट अंगात घातला की माणूस आपोआप ताठ चालायला लागतो, असं गल्लीतले लोक म्हणायचे, आणि ते काही तोंडदेखलं नव्हतं. तेहतीस वर्षं ती शिवत होती. भावाच्या मुलांची ती आत्या, म्हणून शेजारच्या मुलांचीही आत्या, आणि पुढे त्या मुलांच्या आईबापांचीसुद्धा आत्याच. लग्न करायचं राहून गेलं म्हणा, नाही केलं म्हणा; तिला तोंडावर विचारायची कुणाची छाती झाली नाही.

तिला एकच हौस होती, शिकवायची. आपल्या हातातलं दुसऱ्या हातांत जावं, एवढंच. आजवर तीन शिवणवर्गांत ती विचारायला गेली, आणि तिन्ही ठिकाणी खुर्चीतल्या माणसाने तिच्या हातातला नमुन्याचा कोट न बघताच विचारलं, "डिप्लोमा आहे?" नव्हता. तिन्ही वेळा ती कोट घडी करून पिशवीत घालून घरी आली. त्या दिवशी मशीन जरा जास्तच जोरात चालायचं.

मग एक दिवस परगावच्या एका शिवणशाळेतून मुख्याध्यापिकांचा फोन आला. आत्याने शिवलेला एक कोट कुणाच्या तरी अंगावर तिथवर पोचला होता. बाईंनी तो भर समारंभात त्या गृहस्थाच्या अंगातून काढून, उलटा करून, आतली शिलाई बघितली म्हणे. "कागद मला नको," त्या म्हणाल्या. "मुलींना तुमचे हात दिसू देत. तिथूनच शिकवा, पडद्यावरून. शनिवारी चार वाजता एक धडा घेऊन बघू."

त्या शनिवारी जे झालं ते सांगायलाही नको वाटतं. आत्याने खडूची पहिली रेघ मारली, कात्री उचलली, आणि चित्र तिथेच थिजलं. तिकडे वीस मुलींना पडद्यावर काय दिसलं, तर उघडं तोंड, वर धरलेली कात्री आणि मिटलेला एक डोळा. मुली हसल्या. मधूनच आवाज यायचा, तोही तुटक तुटक. पंधरा मिनिटांनी बाईंचा फोन आला. त्या चांगल्या होत्या म्हणून म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी परत बघू. पण तेव्हाही असंच झालं तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

दोष आत्याचा नव्हता, घराचा होता. ब्रॉडबँड होतं ते वरच्या मजल्यावर, धाकट्या भावाकडे. आत्याची शिवणखोली खाली, तीही पार मागे. मध्ये दोन जाडजूड भिंती, जिना, आणि कापडाची ठाणं भरलेलं लोखंडी कपाट. वरून निघालेलं वायफाय जिन्यापर्यंत कसंबसं यायचं आणि तिथे दम तोडायचं.

"मग वर येऊन शिकव ना," भाऊ म्हणाला. "जेवणाच्या टेबलावर."

"तुझं टेबल डुगडुगतं," आत्या म्हणाली. "आणि कापड काय चार चपात्यांएवढं असतं? माझं टेबल आठ फुटांचं आहे. ते वर न्यायचं तर आधी तुझा जिना पाडावा लागेल."

भाऊ कुठल्याशा कचेरीत मोठा कारकून होता आणि घरीही कारकूनच असायचा. कुठलीही गोष्ट करण्याआधी ती का करू नये, हे त्याच्याकडे तयार असायचं. कंपनीला फोन केला तर खाली नवीन जोडणी द्यायला पंधरा दिवस लागतील म्हणाले. भावाने खांदे उडवले. "आता काय करणार? आपल्या हातात आहे का ते?"

आत्याने स्वतःचे हात बघितले, आणि चपला घालून वायरच्या दुकानात गेली.

दुकानदार गप्पिष्ट होता, पण खोटं सांगणारा नव्हता. आत्याला आधी हवा होता तो जिन्यात लावायचा, सिग्नल वाढवणारा डबा. "भिंत जाड असली की त्या बिचाऱ्यालाच पोटभर मिळत नाही, तो तुम्हाला काय वाढणार?" तो म्हणाला. "ब्रॉडबँडच्या वरच्या डब्यातून सरळ वायर खाली आणा. खाली दुसरा छोटा डबा लावा. मग लॅपटॉप जोडा, फोन जोडा, काय वाटेल ते करा. डबा मी इथेच चालू करून, सगळं लावून देतो. तुम्ही नुसती वायर खोचायची."

"तयार वायर द्या मग."

"वायर बाहेर काढायला भोक केवढं आहे खिडकीला?"

भोक होतं वरच्या खिडकीच्या चौकटीत, जुन्या अँटेनाच्या वेळचं, करंगळी जेमतेम जाईल एवढं. आणि वायरच्या टोकाचा प्लॅस्टिकचा कनेक्टर त्यातून जाणं शक्य नव्हतं. "मग नुसती वायर ओवायची आणि टोकं मागाहून बसवायची," दुकानदार म्हणाला. "आमचा माणूस गावी गेलाय. सोमवारी येईल."

"टोकं बसवायला काय लागतं?"

दुकानदाराने एक पक्कड, मूठभर कनेक्टर आणि तपासायचं यंत्र पुढे ठेवलं. मग वायरचं एक टोक सोलून आतल्या आठ तारा पसरल्या. दोऱ्याएवढ्या बारीक, रंगीत, दोन-दोन एकमेकींना पीळ घातलेल्या. "पीळ सोडवायचा, तारा या क्रमाने शेजारी शेजारी लावायच्या, एका रेषेत कापायच्या, कनेक्टरमध्ये सरकवायच्या आणि पक्कड दाबायची. लोकांच्या हातून दहा फुकट जातात तेव्हा एक नीट बसतो," तो म्हणाला.

आत्या मनातल्या मनात हसली. जी बाई अंधूक उजेडात काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने काज करते, तिला हा माणूस बारीक काम म्हणजे काय ते सांगत होता!

दुकानदाराने क्रम बिलाच्या मागे लिहून दिला होता, पण आत्याचा अक्षरांपेक्षा दोऱ्यांवर विश्वास जास्त. घरी येऊन तिने एका पुठ्ठ्यावर त्या क्रमाने आठ रंगांचे दोरे गुंडाळले. नारिंगी पट्ट्याची पांढरी, नारिंगी, हिरव्या पट्ट्याची पांढरी, मग मध्येच निळी, निळ्या पट्ट्याची पांढरी, त्यानंतर हिरवी, आणि शेवटी तपकिरीची जोडी. हिरव्याची जोडी फोडून मध्ये निळी घुसवलेली बघून ती जरा चिडलीच. असं ज्याने ठरवलं त्याला रंगसंगती ठाऊक नसणार, असं तिचं स्पष्ट मत झालं.

शुक्रवारी वरच्या खिडकीतून तिने दोरीला बटणांची थैली बांधून खाली सोडली आणि माप घेतलं. वर डब्यापर्यंतचं आणि खाली मागच्या खोलीपर्यंतचं अंतर धरून एकोणीस मीटर. भेंडोळ्यातून वायर कापताना वर एक मीटर जास्तीची माया ठेवली, कारण माया न ठेवता कापणारा शिंपी तिने अजून पाहिला नव्हता.

"माझ्या खिडकीतून वायर?" भाऊ म्हणाला. "बाहेरून कसं दिसेल?"

"पाण्याच्या पाइपामागून नेते. तुझ्या खिडकीकडे वर मान करून बघतंय कोण?"

"आणि सगळ्यांचंच नेट बंद पडलं तर?"

यावर भावजय स्वयंपाकघरातून बाहेर आली. ही बाई एरवी नणंदेच्या भानगडीत पडायची नाही. पण गेल्या शनिवारी जिन्यात उभी राहून तिने सगळं ऐकलं होतं, मुलींचं हसणंसुद्धा. ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही जरा बाजूला व्हा बरं. वन्सं, शिडी मी धरते."

दुपारपर्यंत वायर भोकातून ओवून, पाइपाला जागोजागी बांधून, खालच्या झरोक्यातून आत आली. आत्याने आधी वरचं टोक बसवलं. मग खालचं. दोन्ही पहिल्याच दाबात बसली, एक कनेक्टर फुकट गेला नाही. तपासायच्या यंत्राचा मोठा भाग वर भावजयीने जोडला, छोटा खाली आत्याने. दोन्हीवर आठ-आठ दिवे. वर जो दिवा लागेल तोच खाली लागला पाहिजे.

"एक!" भावजय खिडकीतून ओरडली.

आत्याने बघितलं. "इथे आठ!"

"दोन!"

"सात!"

"तीन!"

"सहा! अगं, हे काय चाललंय?"

"म्हणजे बिघडलं," भावाने वरून जाहीर केलं, आणि त्याच्या आवाजात थोडं समाधान होतं हे मी मुद्दाम सांगतो.

उद्या चार वाजता मुली पडद्यासमोर बसणार होत्या. तिने वायरचं टोक डोळ्यांजवळ नेलं. तार एकही तुटलेली नव्हती, एकही आखूड नव्हती. ती स्टुलावर बसली. समोर टेबलावर कुणाच्या तरी कोटाच्या दोन बाह्या कापून ठेवल्या होत्या, डावी आणि उजवी. त्यांच्याकडे बघता बघता तिने कपाळावर हात मारला आणि एकटीच खो खो हसायला लागली.

वरचं टोक तिने पुठ्ठा बघून बरोबर केलं होतं. खालच्या टोकाला मात्र तिने पुठ्ठा उलटा धरला होता, आणि तोही विचार करून! एक टोक इकडे, एक तिकडे, म्हणजे जोडीच की. आणि जोडीतली दुसरी बाही नेहमी पहिलीच्या उलट कापायची. दोन्ही सारख्या कापल्या तर दोन डाव्या बाह्या होतात आणि गिऱ्हाईक अंगावर येतं. तेहतीस वर्षांत दोन डाव्या बाह्या कापायची चूक तिच्या हातून एकदाही झाली नव्हती, म्हणून आज ही झाली.

"वायरला डावं-उजवं नसतं गं!" ती खिडकीकडे तोंड करून ओरडली. वर कुणाला काही कळलं नाही.

तिने खालचं टोक छाटलं. माया होती म्हणून वायर पुरली. पुठ्ठा सुलट धरून पुन्हा आठ तारा लावल्या, कापल्या, सरकवल्या, पक्कड दाबली.

"एक!"

"एक!"

"दोन!"

"दोन!"

चौथ्या दिव्यापुढे दोघींचे आवाज असे चढले की समोरच्या घरातले लोक गॅलरीत आले. आठला भावजयीने वर टाळ्या वाजवल्या. मग यंत्र काढून वायर वरच्या डब्यात आणि खालच्या डब्यात खोचली. छोटा डबा आधी नुसताच लुकलुकला. मग त्याचे दिवे एकेक करून हिरवे झाले, आणि शिवणखोलीत, लोखंडी कपाटाच्या अगदी कुशीत, फोनवर सिग्नलच्या सगळ्या कांड्या भरून आल्या. भाऊ खाली आला. त्याने डब्याभोवती एक फेरी मारली, वायर ओढून बघितली, करू नये असं काही सापडेना तेव्हा म्हणाला, "ताई, बसलंय बरं का घट्ट." त्याच्या तोंडून हे फार झालं.

शनिवारी चारला फोन टेबलाच्या वर बांधला होता, हात दिसायला, आणि लॅपटॉप समोर, मुली दिसायला. आत्याने खडूची रेघ मारली. कात्री उचलली. वीस जोडी डोळे तिच्या हातांवर होते, आणि यावेळी हात थांबले नाहीत. तिने खांद्याचा उतार कापून दाखवला, गळा कापून दाखवला. एकीने मध्येच विचारलं, कापड घसरलं तर? आत्याने मुद्दाम घसरवलं आणि कसं सावरायचं ते दाखवलं. गेल्या शनिवारी सगळ्यांत मोठ्याने हसलेली मुलगी वहीत भराभरा लिहीत होती. तास कधी संपला कळलं नाही. जिन्यात भाऊ आणि भावजय कान देऊन बसले होते.

मग पडद्यावर मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मुलींकडे वळून म्हणाल्या, "सोमवारपासून या तुमच्या बाई. कापणं तुम्हाला याच शिकवतील. बाईंना नमस्कार करा."

"नमस्कार, बाई!" वीस मुली एका सुरात म्हणाल्या.

तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"आवाज जरा तुटला वाटतं," ती म्हणाली. "पुन्हा एकदा म्हणता का?"

आवाज कुठेच तुटला नव्हता. जिन्यातल्या दोघांनाही तो स्वच्छ ऐकू आला होता. तरी मुलींनी पुन्हा एकदा म्हटलं.