जीप, जोंगा आणि म्हशीचा खुंटा

लग्न होऊन निपाणीला आले तेव्हा माहेरून तीन गोष्टी आणल्या होत्या: शिलाई मशीन, बी.ए.ची पदवी आणि याद्या करायची सवय. पहिल्या दोन्हींचं सासरी फारसं कौतुक झालं नाही. याद्या मात्र सगळ्यांना आवडल्या. लग्नाचे आहेर, चटणीचं सामान, गोठ्यातली कामं, सगळं माझ्या लांबट वहीत असायचं. म्हणून ऐंशी साल उलटल्यावर दोन-तीन वर्षांनी घरात जीप चांगली की जोंगा हा तंटा पेटला, तेव्हा पंच म्हणून माझीच नेमणूक झाली.

जीप माझ्या सासऱ्यांची. मामंजी तंबाखूचे व्यापारी. भर पावसाळ्यात बोरगावकडच्या काळ्या रानात बांधापर्यंत जाऊन उभं पीक बघायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्यासाठी कॅनव्हासच्या टपाची जुनी पेट्रोल जीप होती, आणि ती चालवायला आप्पा. आप्पा पन्नाशीचे, कमी बोलणारे, बारा महिने अनवाणी. चिखल सुरू झाला की मामंजी हुकूम सोडायचे, "आप्पा, दांडा वढ!" आप्पा पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा मोठ्या समारंभानं मागे ओढायचे, खालून खर्रर्र आवाज यायचा, आणि मामंजी मागं वळून आम्हाला सांगायचे, "बघा, फुडची चाकं कशी वढाय लागली!"

जोंगा होती बेळगावच्या मामांची, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या भावाची. लष्कराच्या लिलावात घेतलेली, जीपच्या दीडपट अंगाची. मामा आले की चहाचा पहिला घोट गिळायच्या आत वाद सुरू.

"दाजी, जीप म्हंजे शिंगरू. जोंगा म्हंजे घोडा हाय, घोडा."

"व्हय, पण घोडा चिखलात बसला की उठवाय गाव लागतंय. शिंगरू आपलं आपण उठतंय."

"उचगावच्या रानात येऊन बघा की. बांधाची ताल चढून जातीया."

"तुमची माती तांबडी, पाव्हणं. पाऊस थांबला की घटकेत पाय ठरतोय. आमच्या काळ्या रानात आणा. चप्पल सोडत न्हाय ती, गाडी काय सोडतीया."

मी दोन रकाने आखून मुद्दे मांडले. इंजिनाचा जोर: जोंगा. हलकं वजन: जीप. पोटाखालची उंची: जोंगा. अरुंद वाटेत वळायची सोय: जीप. कागदावर बरोबरी झाली आणि दोघंही माझ्यावर चिडले.

शेवटी मामांनीच तोड काढली. दोन्ही गाड्या बोरगावच्या ओढ्याकडच्या गाडीवाटेवर घालायच्या. जीप हरली तर ती विकायची; मामा दाजींना लिलावातून तसलीच जोंगा मिळवून देणार. "आणि ती हाकायला फौजेतला माणूस देतो. असली गाडी साध्या ड्रायव्हरचं काम न्हाय."

मामंजी जोशात "ठरलं!" म्हणाले. आप्पा तेव्हा दारातच उभे होते. त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि बाहेर गेले. बावीस वर्षांची नोकरी त्या एका 'ठरलं'वर टांगली गेली होती, आणि ते मामंजींच्या ध्यानातही आलं नव्हतं.

श्रावणातल्या रविवारी सकाळी दोन्ही गाड्या अंगणात उभ्या राहिल्या. तपासणीची यादी माझी. हवा, पाणी, तेल, दोर, फावडं. गाडीच्या पोटाखालीही बघायचं होतं, आणि नऊवारीतल्या सासूबाईंसमोर सुनेनं गाडीखाली आडवं होणं शक्य नव्हतं. मी मामंजींचा दाढीचा आरसा आणला आणि खाली सरकवला. जोंगाचं सगळं जागच्या जागी. जीपच्या खाली इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा लोखंडी शाफ्ट दिसला. पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्टच नव्हता. तिथं मोकळी हवा.

मी आरसा पुसून पुन्हा पाहिलं. मग गोठ्याकडे पाहिलं. आमची म्हैस ज्या लोखंडी खुंट्याला रोज बांधली जायची, त्याच्या डोक्याला दोन कान होते, आणि जोंगाच्या शाफ्टच्या टोकाला मी आत्ताच तसले कान पाहिले होते.

"आप्पा," मी हळू म्हटलं, "हा खुंटा कुठला?"

आप्पांनी मान खाली घातली. "वैनीसाब, पेट्रोल म्हाग झालं तवा मालक जीप इकाय निघालते. मिस्त्री म्हणाला, फुडचा शाफ्ट उगंच फिरतोय, काढ, त्याल वाचंल. काढला. पावसाळ्यात घालीन म्हटलं. पण पावसाळ्यात बी गेलीच की गाडी. मग तुमच्या सासूबाईंच्या म्हशीचा खुंटा मोडला, त्यांनी लोखंडाचं कायतरी मागितलं..."

"आणि दांडा?"

"मालकास्नी बरं वाटतंय म्हणून वढतो."

माझ्या वहीत 'पुढचा शाफ्ट' असा रकाना होता. खोटी खूण मी कधी केली नव्हती. "मी खरं तेच लिहिणार," मी म्हटलं. "पण यादी वाचायची कधी, ते पंचाच्या हातात. गाड्या वाट चालून झाल्यावर वाचीन."

आप्पा एवढंच म्हणाले, "मग आधी वाट तुडवून बघू द्या."

ती वाट दोन शेतांमधून ओढ्यापर्यंत जाणारी, बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांत गुडघाभर राड. पहिली जोंगा. तिचा ड्रायव्हर येळ्ळूरचा, फौजेतून निवृत्त झालेला हवालदार. त्यानं चारी चाकं लावली आणि गाडी गुरगुरत, चिखल उडवत सरळ ओढ्यावर नेऊन उभी केली. मामांनी टोपी हवेत फेकली.

आप्पा तोवर वाटेवर चालत होते. पायाच्या बोटांनी खालचं घट्ट कुठं आहे ते चाचपत, कुठं चाकोरी सोडायची ते ठरवत. परत येऊन त्यांनी मागच्या टायरांची हवा कमी केली, मागं वाळूची दोन पोती टाकली आणि दुसऱ्या गियरात गाडी सोडली. मामंजी ओरडले, "दांडा वढ!" आप्पांनी ओढला. जीप कडेकडेनं, बांधाला घासत, कुठंही न थांबता निघाली. पहिलं वळण, बाभळ, खड्डा, सगळं पार. ओढा सहा हात राहिला आणि मागची चाकं जाग्यावर गरगरायला लागली. संपलं.

"जोंगा!" मामा ओरडले. आप्पा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

मी वही उघडली आणि खणखणीत आवाजात वाचलं. हवा, पाणी, तेल. मग, "जीपचा पुढचा शाफ्ट: नाही."

"न्हाय म्हंजे?"

"गोठ्यात आहे. म्हैस बांधलीय त्याला."

मामा हसता हसता बांधावरच बसले आणि धोतर राडीत भिजवून घेतलं. मामंजी जीपकडे बघत राहिले. "कवापास्नं गा, आप्पा?"

"आठ सालं झाली असतील."

"आणि मी जगाला सांगत फिरतोय, फुडची चाकं वढत्यात म्हणून!"

तेव्हा हवालदार चिखलातून चालत आला, त्यानं जीपच्या चाकांच्या खुणा निरखल्या, आणि मामांना म्हणाला, "मालक, माझी चार वढत हुती. ह्यांची दोन. मला दोनावर घातलासा तर मी त्या बाभळीच्या फुडं जात न्हाय."

मामंजींची मान हळूहळू वर आली. ते व्यापारी होते. पडता भाव कुठं सावरायचा हे त्यांना कळायचं.

"ऐकलासा, पाव्हणं? तुमचा घोडा चार पायांवर आला. माझं शिंगरू दोन पायांवर हितवर आलं. मग जिकलं कोण? आणि असला ड्रायव्हर सोडून मी तुमचा फौजी ठेवू व्हय?"

"ह्ये बेइमानी हाय, दाजी!"

"पंचाला विचारा."

"जीप विकायची नाही," मी म्हटलं आणि वही मिटली. आप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते.

खुंटा परत मिळाला नाही. सासूबाई म्हणाल्या, म्हैस त्याला रुळलीय, आणि तसाही तो गंजून गेला होता. मामांनीच बेळगावच्या भंगारातून दुसरा शाफ्ट पाठवला, मिस्त्रीनं बसवला, मी आरसा घालून खात्री केली आणि खूण केली.

पुढच्या रविवारी आम्ही बोरगावला निघालो. चिखल लागला. दांडा ओढला गेला, आणि आठ वर्षांनी पहिल्यांदाच पुढची चाकं खरोखर ओढायला लागली. मामंजी थोडा वेळ कान देऊन बसले, मग नाराजीनं म्हणाले, "आप्पा, पयल्यागत वढत न्हाय गा."

"नवा हाय, मालक," आप्पा म्हणाले. "रुळंल."