शिवम्माची कानडी

सुमनबाई गेल्याचं त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी नांदेडला एका आईला समजावत होते, "लेकरू तुमच्याच मांडीवर राहू द्या, मी नुसती बाजूला बसते." हे बाईंनीच शिकवलेलं. फोन ठेवला आणि त्या आईला तेच वाक्य पुन्हा सांगत बसले... दीड महिना झाला, बाई आठवायला बसलं की त्यांच्याआधी उदगीरचं ते घरच समोर येतं.

लातूर जिल्हा नवा नवा होता, त्यात दुष्काळ. मी कंधारची, स्पीच थेरपी शिकायला बाईंच्या हाताखाली आलेली. आया टँकरची वाट बघत दारात अडकलेल्या, त्या बाईंच्या केंद्रावर येणार कधी? "आपणच जाऊ. लेकरू आपल्याशी बोलून काय उपयोग? घरच्यांशी बोललं पायजे," बाई म्हणायच्या. मला मात्र पुस्तकाचा भारी तोरा! उदगीरच्या त्या घरातली चार वर्षांची गौरी बोलत नव्हती. आईबाप तिच्याशी मराठी बोलत, आजी शिवम्माला फक्त कानडी येई. बाईंना न विचारता मी हुकूम सोडून आले, "घरात एकच भाषा. आजीनं बोलायचं नाही."

महिन्यानं बाई सोबत आल्या. शिवम्मा भिंतीला टेकून, तोंडाला पदर लावून बसलेली. गौरी तिची हनुवटी ओढत होती, म्हातारी नुसती मान हलवत होती. आपल्या बोलण्यानं पोरीचं वाटोळं होईल, या भीतीनं तिनं महिनाभर नातीशी शब्द काढला नव्हता.

"हे कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं. मी वहीत डोकं घातलं. सून माझ्याकडं बघायला लागली, तेवढ्यात बाई शिवम्मासमोर खाली बसल्या. "मीच हिला तसं सांगायला लावलं, अम्मा. चुकलं माझं. तुम्ही बोला, लई बोला." सुनेनं ते कानडीत सांगितलं. परतीच्या एसटीत मी रडत होते. बाई एवढंच म्हणाल्या, "पुढच्या खेपेला खरं काय ते तू सांग त्यांना." मी पुन्हा त्या घरी गेलेच नाही. आधी लाज वाटली, मग नोकरी लागली, मग... कशाला खोटं बोलू, भ्याले मी.

परवा गौरीचा फोन आला. बाई गेल्याचं कळलं, त्यांच्या मुलाकडून नंबर घेतला म्हणाली. आवाज खणखणीत, बोलणं थांबता थांबेना. "आजी त्याच दिवशी बोलाया लागली, मॅडम! अन् मरेस्तोवर बाईंना कानडीत शिव्या. मला कानडी शिव्यांपासूनच आली!" ती खो खो हसली. "बाई दरवर्षी यायच्या. मान खाली घालून सगळं ऐकून घ्यायच्या, चहा पिऊन जायच्या."

मी तिला मधेच थांबवलं. म्हटलं, "गौरी, त्या शिव्या माझ्या वाट्याच्या होत्या गं. आजीला गप्प मी बसवलं. बाईंना तर ठाऊकही नव्हतं."

तिचं हसू थांबलं. म्हणाली, "मंग तुम्ही एकदा बी का आला न्हाई?"