रस्त्याच्या टोकाची एक फूट जमीन

६ फेब्रुवारीला वसाहतीच्या फलकावर पत्र लागलं. रक्कम होती सहा लाख बारा हजार रुपये. तेवढे भरले तर मागच्या भिंतीपाशी अडलेला रस्ता पलीकडच्या वसाहतीच्या रस्त्याला जोडून मिळणार होता. घरं चौतीस, म्हणजे दर घरामागे अठरा हजार. पत्राखाली सही पलीकडची वसाहत काढणाऱ्या साहेबांची होती, आणि त्याच साहेबांच्या कचेरीत कंपासराव गेली अठ्ठावीस वर्षं नकाशे काढत होते.

कंपासराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. नोकरीच्या पहिल्या दिवशी ते घरून शाळेतली कंपासपेटी घेऊन आले. कचेरीत पट्ट्या, पेनं, सगळं मिळतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. साहेबही तेव्हा तरुण होते. "या, कंपासराव!" म्हणाले आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे वसाहतीतही ते येऊन पोचलं.

त्यांचं काम नव्या वसाहतींचे रस्ते आखण्याचं. मोकळं रान मोजणीच्या रेघांसकट कागदावर यायचं. आधी पाणी कुठून कुठे वाहतं ते बघायचं, मग मोठा रस्ता, मग त्याला फुटणाऱ्या गल्ल्या आणि सर्वांत शेवटी प्लॉट. नवशिके उलटं करतात, आधी प्लॉट पाडतात आणि उरलेल्या जागेत रस्ता कोंबतात. कोपऱ्यावर वळण किती गोल घ्यायचं, कचऱ्याची गाडी कुठे फिरेल, दिव्याचा खांब कोणाच्या फाटकासमोर येईल, हे सगळं कंपासरावांच्या बोटांत बसलेलं होतं. एकदा एक जुनी विहीर वाचवायला त्यांनी अख्खी गल्ली वाकवली. दोन प्लॉट गेले म्हणून साहेबांनी आठवडाभर अबोला धरला. पुढे लोक त्याच वाकड्या गल्लीतली घरं जास्त भावाने घेऊ लागले, तेव्हा ती कल्पना आपलीच होती असं साहेब सांगू लागले. कंपासरावांनी कधी खोडून काढलं नाही.

आणि ती एक फूट जमीन. ही या धंद्यातली जुनी युक्ती. रस्ता शेजाऱ्याच्या हद्दीकडे न्यायचा आणि हद्दीच्या एक फूट अलीकडे थांबवायचा. तेवढी पट्टी मालकाने स्वतःच्या नावावर ठेवायची. उद्या शेजाऱ्याने आपल्या रानात वसाहत काढली की रस्ता जोडायला त्याला त्या पट्टीवरूनच यावं लागतं. मग तो निमूट पैसे मोजतो. कंपासरावांनी अशा दहा-बारा पट्ट्या आखल्या होत्या. दोन जमीनदारांची आपसातली देवघेव, आपल्या खिशाला काय तोशीस, असं त्यांना वाटायचं.

चार वर्षांपूर्वी त्यांनी घर घेतलं ते अशाच एका पट्टीच्या पलीकडे. घर स्वस्त होतं, कारण रस्ता बंद होता. रस्ता वर्षभरात उघडणार हा त्यांचा हिशेब. आजवर प्रत्येक वेळी तसंच झालं होतं. बायकोलाही त्यांनी तसंच सांगितलं. बँकेच्या कर्जाला साहेब स्वतः जामीन राहिले. पण या वेळी त्यांची वसाहत काढणारा शेजारचा जमीनदार पट्टीचे पैसे न देताच शेवटचं घर विकून हात झटकून गेला, आणि रस्ता भिंतीला नाक लावून उभा राहिला.

त्यांची बायको भिंतीपलीकडच्या बालवाडीत शिकवायची. बालवाडीची घंटा यांच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची, पण शाळेत पोचायला महामार्गाच्या कडेने पावणेतीन किलोमीटर चालावं लागायचं. आदल्या वर्षी एका ट्रकने हूल दिली, ती चरात पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी भरली बादली त्या हाताने उचलवत नव्हती. तिने कधी बोलून दाखवलं नाही. फक्त सकाळी चपला घालताना, "निघते हो, प्रदक्षिणेला," एवढंच म्हणायची.

पत्र लागलं त्या रविवारी वसाहतीचे अध्यक्ष, निवृत्त पोस्टमास्तर, यांच्या अंगणात सगळे जमले.

"एका फुटाचे सहा लाख!" पोस्टमास्तर म्हणाले. "सोन्याची वीट पुरली आहे की काय खाली?"

"कंपासकाकांना विचारा की. साहेब त्यांचेच," कोणीतरी मागून म्हणालं.

"साहेबच कशाला? रेघसुद्धा काकांच्याच पेनातून उतरली असेल!"

सगळे हसले. कंपासरावही हसले. रेघ त्यांच्याच पेनातून उतरली होती.

"थट्टा पुरे," शिवणकाम करणारी ताई म्हणाली. ती एकटी राहायची आणि दोन मशिनींवर कपडे शिवून घर चालवायची. "काका, तुम्ही एकदा कागद बघा. पैसे भरण्यासारखं आहे की नाही तेवढं सांगा. आम्हाला त्यातलं काय कळतंय?"

"बघतो," कंपासराव म्हणाले.

बघण्याची वेळ दुसऱ्याच दिवशी आली. पट्टीच्या विक्रीखतासाठी छोटा नकाशा काढा, असं साहेबांनी सांगितलं. कंपासरावांनी पलीकडच्या वसाहतीचा मंजूर नकाशा नळीतून काढला, चार कोपऱ्यांवर वजनं ठेवून पसरला. नऊ मीटर रुंद रस्ता, पट्टी तीस सेंटिमीटर. दोन पूर्णांक सत्तर चौरस मीटर. काम इथेच संपत होतं. पण समोर नकाशा आला की रस्त्यांची बेरीज करून बघायची ही त्यांची सवय. काहीजण जशी नखं खातात, तसे ते बेरजा करत.

आकृतीवरून बेरीज आली ४,१८४.००. शेजारच्या तक्त्यात रस्त्यांखालचं क्षेत्र छापलं होतं ४,१८६.७०.

त्यांनी पुन्हा केली. फरक तोच, दोन पूर्णांक सत्तर.

मग आठवलं. नकाशा दाखल करायच्या आदल्या संध्याकाळी साहेब येऊन म्हणाले होते, "रस्ता एक फूट मागे घ्या." त्यांनी रेघ खरवडून मागे घेतली. तक्ता आधीच टाइप होऊन चिकटला होता, तो बदलायचा राहिला. वरच्या कचेरीने तशाच नकाशावर शिक्का मारला. आणि प्रत्येक नकाशाच्या तळाशी असते ती ओळ इथेही होती, त्यांच्याच वळणदार अक्षरात: आकृती व तक्ता यांत तफावत आढळल्यास तक्ता ग्राह्य धरावा.

म्हणजे पट्टी साहेबांची नव्हतीच. ती मंजुरीच्या दिवसापासून रस्त्यात जमा होती. भिंत कोणीही पाडू शकत होतं, एक पैसा न देता.

कंपासराव नकाशा घेऊन आत गेले.

"साहेब, घोळ झालाय."

"अठ्ठावीस वर्षांत तुमच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकतोय. बसा."

ते उभ्यानेच सांगत गेले. साहेबांनी कॅल्क्युलेटर ओढून स्वतः बेरीज केली, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे आणखी कोणाला दाखवलंत?"

"नाही."

"उत्तम. तुमचे पोस्टमास्तर तिकिटं मोजतील, चौरस मीटर नाही मोजणार."

"पण साहेब, ती जमीन आपल्याला विकताच येत नाही."

साहेबांनी नकाशा त्यांच्याकडे फिरवला आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. आखणी, तपासणी. तपासनीस त्या आठवड्यात रजेवर होता. दोन्ही रकान्यांत सही कंपासरावांची होती.

"प्रकरण कोर्टात गेलं तर मी काय सांगणार? माझ्या माणसाने चुकीचा तक्ता जोडला आणि तपासलाही त्यानेच. मग तुमच्यावर चौकशी. निवृत्तीला राहिले किती, चौदा महिने? ग्रॅच्युइटी अडकेल. बँकेत मी जामीन आहे, तेही मला मागे घ्यावं लागेल. धमकी देत नाही हो. बेरीज करून दाखवतोय, तुम्हाला बेरजा आवडतात म्हणून."

टेबलाच्या काचेखाली साहेबांच्या मुलांचे फोटो होते, कंपासराव ते बघत राहिले.

"वहिनींचं मनगट कसं आहे?" साहेबांनी विचारलं.

"ठीक आहे."

"मग झालं तर. त्यांना चालायला रस्ता पाहिजे, तो मिळतोय. खालची माती कोणाची होती याच्याशी त्यांना काय करायचंय? आणि तुमच्या वाटणीचे अठरा हजार मी देतो. उचल म्हणून घ्या, दरमहा दीड हजार कापू. तुमच्यावर ताण नको."

उचलीची पावती साहेबांनी स्वतःच लिहिली. कंपासरावांनी सही केली. हात दगडाखाली सापडला की आधी तो हलवायचा नसतो, एवढंच त्या वेळी त्यांच्या डोक्यात होतं.

घरी बायको भाजी निवडत बसली होती.

"तोंड का उतरलंय?"

"काही नाही. साहेबांनी उचल दिली. अठरा हजार."

"बघा! तुम्ही उगाच नावं ठेवता. माणूस वाईट नाही."

त्यांनी हातपाय धुतले, तिच्यासमोर पाट ओढून बसले. "समज, पैसे न भरता रस्ता मिळण्यासारखा असता, तर?"

"फुकट? तुमचे साहेब देणार?" तिला हसू आलं.

"कोर्टात जाऊन. तीन-चार वर्षं लागली असती."

"नको गं बाई. माझी शाळेची दोनच वर्षं उरलीत. ती मला सरळ रस्त्याने जाऊ देत." मग तिने हातातली जुडी खाली ठेवली. "अहो, काही झालंय का? सांगा तरी, नाहीतर निवडायला तरी लागा."

ते निवडायला लागले. सांगितलं असतं, तर ती गप्प बसली नसती हे त्यांना माहीत होतं. तिने सरळ पोस्टमास्तरांचं दार ठोठावलं असतं. मनगट मोडल्यावरही ती दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज डाव्या हाताने लिहून आली होती.

पुढच्या रविवारी पैसे भरायचे की नाही ते ठरणार होतं. अंगणात खुर्च्या कमी पडल्या. पोस्टमास्तरांनी कंपासरावांना आपल्या शेजारी बसवलं, बायको समोर शिवणवाल्या ताईजवळ बसली.

"काकांनी मूळ नकाशा पाहिलेला आहे," पोस्टमास्तर म्हणाले. "बोला, काका. कागद रीतसर आहेत ना?"

"तुम्ही हो म्हणालात की मी एक मशीन विकते," शिवणवाली ताई म्हणाली. "गिऱ्हाईक बघून ठेवलंय. पण तुम्ही हो म्हणालात तरच. नाहीतर राहू दे मला कोंडलेली, सवय झालीय."

कोणीतरी हसलं. कंपासरावांनी घसा साफ केला. समोर ताई, तिच्या शेजारी बायको, दोघी सारख्याच नजरेने त्यांच्याकडे बघत होत्या. चौदा महिने, ग्रॅच्युइटी, जामीन आणि ते दोन रकाने, एवढं सगळं एका वाक्यात बोलता आलं असतं. त्यांनी ते वाक्य मनात जुळवलंही. मीटर, सेंटिमीटर, सगळं बरोबर बसत होतं.

"कागद रीतसर आहेत," ते म्हणाले.

"झालं तर मग!" पोस्टमास्तरांनी मांडीवर थाप मारली. "काकांचा शब्द आहे."

ताईने मशीन विकली. महिन्याभरात पैसे भरले गेले, भिंत दोन दिवसांत पाडली आणि मधल्या एका फुटावर डांबर पडलं. बायको चार मिनिटांत शाळेत पोचू लागली. पहिल्या दिवशी तिथून तिने फोन केला, "अहो, घंटा व्हायच्या आत आले!" लोक रस्त्यात भेटले की कंपासरावांना म्हणत, काका, तुमच्यामुळे काम झालं. ते मान हलवत. ताईकडे कपडे शिवायला टाकायचं मात्र त्यांनी बंद केलं. एकाच मशिनीवर तिचं काम साचतं, उगाच आपली भर नको, असं कारण त्यांनी बायकोला दिलं. बायको त्यांचे दोन सदरे एके दिवशी स्वतःच ताईकडे देऊन आली.

कंपासराव स्वतः कचेरीत जायला अजून महामार्गाने जातात. त्या बाजूने बस मिळते, असं सांगतात. कचेरीत त्यांच्या टेबलावर सध्या नदीकाठच्या एका नव्या वसाहतीचा नकाशा आहे. उत्तरेच्या टोकाला रस्ता हद्दीच्या एक फूट अलीकडे थांबवला आहे. या खेपेला तक्ता त्यांनी तीनदा तपासला. आकृतीशी तंतोतंत जुळतो.

पोस्टमास्तरांकडची वर्गणीची यादी बंद झाली, चौतीस घरांचे पूर्ण पैसे आले. कंपासरावांच्या पगारातून आतापर्यंत सात हप्ते कापले गेले आहेत. साहेबांचे साडेसात हजार रुपये अजून द्यायचे आहेत.