एस्थरच्या दहांत न बसलेला अध्यक्ष

रूथचा फोन आला तेव्हा मी वाटाणे सोलत होते. "मावशी, मम्मी गेला. सकाळी." एस्थरची ही लेक इथेच, लंडनमध्ये जन्मली, इथेच वाढली, घाबरली की तिच्या मराठीतले स्त्री-पुरुष एकमेकांच्या जागेवर जाऊन बसतात. आणि मी, सत्तरीला टेकलेली, चार नातवंडांची आजी, त्या पोरीला काय म्हणाले असेन? "असं कसं? आमचं भांडण चालू आहे अजून..." पलीकडे रूथ रडता रडता हसली. मी विनोद करत नव्हते. तीन आठवडे माझा आणि एस्थरचा अबोला होता, आणि पहिला फोन कधी येतो याची मी वाट बघत होते. तिच्याकडून, अर्थात. मी कशाला करू? मी जिंकले होते.

एस्थर भायखळ्याची, बेने इस्राएल, म्हणजे आपली मराठी बोलणारी ज्यू. शुक्रवारी संध्याकाळी घरात दिवे लावणार आणि शनिवारी फोनवर मला अस्सल मराठीत झापणार. बहात्तर साली लग्न होऊन मी वेम्बलीत आले तेव्हा आमची गाठ पडली. तेव्हाची मी म्हणजे तिकीट लावून दाखवावं असं प्रकरण होतं. नायलॉनच्या साडीवर नवऱ्याचा ओव्हरकोट, सपातांमध्ये लोकरी मोजे, आणि डोक्यात पुण्याची इतिहासातली बी.ए., सेकंड क्लास. ईलिंग रोडवरच्या दुकानात फ्रॉक घातलेली एक गोरटेली बाई दिसली. मी ठेवणीतलं इंग्रजी काढलं, "मॅडम, विल यू काइंडली इन्फॉर्म मी, इज धिस कोरिअँडर फ्रेश?" ती शांतपणे म्हणाली, "होती गं ताजी. तू दाबून दाबून मारलीस तिला." त्यानंतर छत्तीस वर्षं आम्ही भांडलो. भाजीवरून, सुनांवरून, कोणाचा नवरा जास्त घोरतो यावरून. अबोला कधी दोन दिवसांच्या वर गेला नाही.

दोन हजार आठच्या शरदात आम्हाला योगाच्या क्लासला जायचं होतं. तो भरला होता. लायब्ररीच्या वरच्या खोलीत कौन्सिलचा एकच क्लास उरला होता, 'अमेरिकेचे अध्यक्ष'. तिकडे निवडणुकीची धामधूम चालली होती, म्हणून कोणाला तरी सुचला असावा. "चल," एस्थर म्हणाली, "बसून तर शिकायचंय. गुडघे दुखणार नाहीत." शिकवणारा पॉल हा निवृत्त मास्तर, स्वभावाने गरीब. आम्ही चौदा जण विद्यार्थी, सगळे पेन्शनर. एवढी नावं कोणाच्या लक्षात राहणार? आम्ही दोघींनी आपली नावं पाडली. पहिला अध्यक्ष तो कवळीवाला. गुलामगिरी मोडणारा तो दाढीवाला. पोलिओने पाय गेलेला, तरी मंदी आणि महायुद्ध निभावून नेणारा, तो खुर्चीवाला. पॉलला वाटायचं आम्ही मागे बसून मराठीत नोट्स काढतो.

शेवटच्या तासाला प्रत्येकाने आपले थोर दहा क्रमाने लिहून आणायचे, त्यावर वाद घालायचा आणि मग पहिला कोण यावर हात वर करायचे, असं ठरलं. त्या आठवड्यात आमचा फोन गरम झाला. "आधी सांग, मोजायचं कशानं?" एस्थर विचारायची. मी म्हणायचे, केलं काय त्यानं. लोकांच्या हाताला काम दिलं, युद्ध जिंकलं. ती म्हणायची, "केलेलं सगळेच सांगतात गं. कोणी काही मागितलं आणि यानं नाही म्हटलं, ते बघ. माणूस तिथे कळतो." तिचा दाढीवाला पहिला, माझा खुर्चीवाला. कवळीवाल्याला तिने आठव्यावर ढकललं, कारण त्याच्या शेतावर गुलाम राबत होते. इथवर ठीक होतं. पण खुर्चीवाला तिच्या दहांत नव्हताच.

भर वर्गात ती उभी राहिली आणि तिने एका जहाजाची गोष्ट सांगितली. जर्मनीतून जीव घेऊन निघालेले शेकडो ज्यू, इतके जवळ आले होते की अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे दिवे त्यांना दिसत होते. खुर्चीवाल्याच्या सरकारने उतरू दिलं नाही. जहाज युरोपात परत गेलं. पॉलने कायदा, कोटा, लोकमत असं काहीबाही सांगून पाहिलं. मग मी उठले. "एका जहाजासाठी त्याच्या कारकिर्दीची बारा वर्षं खोडायची?" वर्गाने टेबल वाजवलं. मला तेव्हा केवढा आनंद झाला होता! मी आधीच दिवाळीची उरलेली शंकरपाळी डबा भरून आणली होती आणि वर्गातल्या गुजराती कांताबेनपासून पॉलपर्यंत सगळ्यांना वाटली होती. एस्थरने डब्याकडे बघितलं. "लाच?" मी म्हणाले, "फराळ." खुर्चीवाल्याला नऊ हात मिळाले. कवळीवाल्याला दोन आणि दाढीवाल्याला तीन, त्यातला एक तिचा.

बसस्टॉपवर ती रस्त्याकडे बघत उभी होती. मी दोन-तीनदा डिवचलं. मग ती म्हणाली, "तुला एक सांगू?" आणि मी काय म्हणाले ते मला नीट आठवतं, रोज आठवतं. "हरलीस की गोष्टी सांगायला लागतेस." तेवढ्यात माझी बस आली. मी चढले.

त्यांच्यातही सुतक पाळतात, सात दिवसांचं. मी गेले तेव्हा आरसे झाकलेले होते आणि रूथ बुटक्या स्टुलावर बसली होती. क्लासचा विषय तिनेच काढला. "मम्मी तुम्हाला ग्रेटा आंटीचं नाय सांगितलं?" भायखळ्याला एस्थरच्या वरच्या मजल्यावर जर्मनीतून पळून आलेली एक बाई राहायची, मुलांना पियानो शिकवायची. तिचा धाकटा भाऊ त्या जहाजावर होता. पुढे त्याचं काय झालं, कधी कळलं नाही. पोस्टमन दिसला की ती सहा-सात वर्षांच्या एस्थरला पत्र आलंय का विचारायला खाली पाठवायची. कितीतरी वर्षं. "मम्मी सांगायचा," रूथ म्हणाली, "मी रोज 'नाही' घेऊन जिना चढायची."

छत्तीस वर्षांत मी तिला भायखळ्याबद्दल विचारलं असेल, तर तिथे मासे कसे मिळायचे, हे. आणि माझं? माझे यजमान शेवटची तीन वर्षं चाकांच्या खुर्चीत होते. दुकानात लोक त्यांच्या डोक्यावरून माझ्याशी बोलायचे. मला एक खुर्चीतला माणूस पहिला आलेला बघायचा होता. एस्थरला ते न सांगता कळलं असणार, एवढा वाद घातला, पण "तुला तोच का?" असं तिने एकदाही विचारलं नाही. तिने माझी दुखरी जागा झाकून ठेवली. मी तिच्या तोंडावर बसचं दार लावलं.

जानेवारीत क्लास पुन्हा भरला. अमेरिकेत नवे अध्यक्ष बसणार म्हणून पॉलला उत्साह आला होता. मी त्याला म्हटलं, मतं पुन्हा घ्या. मी उभी राहून जहाज सांगितलं, ग्रेटा आंटी सांगितली, त्या पोरीचा जिना सांगितला. माझं ठेवणीतलं इंग्रजी मधेच दोनदा बंद पडलं. शंकरपाळी नेली नव्हती. कांताबेन डोळे पुसत म्हणाल्या, "बहु खराब थयुं," आणि हात खुर्चीवाल्यासाठीच वर केला. तो पहिलाच राहिला. मी कोणासाठीच हात वर केला नाही. घरी कागदावर त्याला अकरावा लिहिते, मग यांचे गुडघ्यांवर ठेवलेले हात आठवतात आणि खोडते. परवा चौथा लिहिला. तोही खोडला...

त्या जानेवारीच्या तासाला मी एस्थरच्या जागेवर बसले होते. ती जागा मला कधी आवडली नव्हती. दाराजवळची, वारा लागणारी. क्लास चालू असताना एस्थर सारखी उठायची, आणि मला वाटायचं, हिला स्वस्थ बसवत नाही. तिथे बसल्यावर दिसलं, ती का उठायची. दार जड आहे आणि त्याला मधे काचेची उभी पट्टी आहे. उशीर झालेलं माणूस काचेतून आत बघतं, सगळे बसलेत असं दिसतं, आणि मग ते मागच्या मागे वळायला लागतं. काठी घेतलेले एक म्हातारे गृहस्थ तसेच बाहेर उभे होते. पॉल फळ्याकडे तोंड करून बोलत होता. मी उठले.